सेंद्रिय मळ्याचीं पहिलीं तीन वर्षें



रासायनिक खत बंद केलें म्हणजे मळा सेंद्रिय झाला, अशी अनेकांची समजूत असते. ही समजूत मळेवाल्यास महाग पडते आणि गिऱ्हाइकासही चकविते. खत बंद करणें हा एका दिवसाचा निश्चय आहे. जमिनीचा कस राखून फळें व भाजीपाला पिकविणें आणि त्यावर प्रपंच चालविणें हें वर्षानुवर्षांचें काम आहे. त्यांपैकीं पहिल्या तीन वर्षांविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

सेंद्रिय मालास प्रमाणपत्र देण्याच्या आपल्या देशांत दोन मान्य पद्धति आहेत. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमांत मान्यताप्राप्त संस्था तपासणी करते; निर्यात करणाऱ्यानें हाच मार्ग धरावा. सहभागी हमी पद्धतींत निदान पांच शेतकऱ्यांचा गट एकमेकांचीं शेतें तपासतो. जवळच्या बाजारासाठीं ती स्वस्त पडते. दोहोंचा सामान्य दंडक असा, कीं हंगामी भाजीपाल्यास दोन आणि आंबा, डाळिंब, चिकू अशा फळझाडांस तीन वर्षें संक्रमणाचीं. या काळांत उत्पन्न बहुधा घटतें, मजुरी वाढते आणि मालास सेंद्रियाचा भाव मिळत नाहीं. होतकरू मळेवाला खचतो तो येथेंच.

तेव्हां पहिली सूचना अशी. नवी बाग लावीत असाल, तर झाडांच्या ओळींमध्यें भाजीपाला आणि चवळी, उडीद यांसारखीं पिकें घ्यावीं. झाडें फळास येईपर्यंत घरखर्चास हातभार लागतो. शिवाय चवळी-उडदाचा पाला जमिनींत गाडल्यास तिला नत्र मिळतें.

दुसरी गोष्ट खताची. आल्बर्ट हॉवर्ड यांनीं १९२४ ते १९३१ या काळांत इंदूर येथें काडीकचरा, शेण, गोमूत्रानें भिजलेली माती व राख यांचे थर रचून सुमारें तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसविली. तिचें मर्म ओल आणि हवा यांत आहे. ढीग पिळलेल्या फडक्याइतका ओला असावा व वेळोवेळीं उलथावा. पाणी सांचलें कीं हवा कोंडते व घाण सुटते. कच्चें शेण मुळांशीं घालूं नये. तें हुमणीस आमंत्रणच होय.

तिसरी गोष्ट किडींची. पांच किलो निंबोळ्यांचा गर कुटून रात्रभर पाण्यांत भिजवावा, गाळावा आणि पाणी घालून शंभर लिटर करावें. उन्हानें हा अर्क लवकर निकामी होतो, म्हणून संध्याकाळीं फवारावा. त्याचा गुण सावकाश येतो. अळी मोठी झाल्यावर त्याचा उपयोग थोडा. यास्तव रोज सकाळीं पानांची खालची बाजू पाहण्यावांचून गत्यंतर नाहीं.

चौथी गोष्ट नोंदवहीची. मुलांच्या वह्या तपासण्यांत माझा जन्म गेला, म्हणून वहीचा हा आग्रह, असें कोणी म्हणेल. परंतु बियाणें कोठून आणलें, कोणत्या तारखेस काय घातलें, किती माल कोणास विकला, हें लिहिलेलें नसेल तर तपासणाऱ्यापुढें ठेवावयाचें काय? शेजाऱ्याचा फवारणीचा पंप उसना आणूं नये. त्याच्या नळींत विषाचा अंश राहतो. बांधाच्या बाजूस दाट कुंपण किंवा मोकळा पट्टाही राखावा.

आतां शहरांतील मंडळींस एक विनंति. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार सेंद्रिय म्हणून विकावयाच्या मालास सामान्यतः वरीलपैकीं एका पद्धतीचें प्रमाणपत्र लागतें. थेट ग्राहकास विकणाऱ्या लहान उत्पादकास मात्र सूट आहे. म्हणून दुकानांत प्रमाणपत्राचें चिन्ह पाहावें, आणि ओळखीच्या मळेवाल्याकडे जाऊन त्याची वही पाहावी. वही नीट असेल, तर संक्रमणाच्या काळांतच त्याचा माल घेऊं लागावें. फळ थोडें लहान वा डागी असलें तरी नाक मुरडूं नये. प्रमाणपत्र हातीं आल्यावर गिऱ्हाइकें येतीलच. पण तें येईपर्यंत मळा टिकावयाचा, तर त्या तीन वर्षांत दर आठवड्यास नेमानें टोपली घेणारीं दहा घरें त्यास हवीं असतात.