मालमोटारीचा विमा आणि छोटा मालक

एकच मालमोटार, तीही कर्जाऊ घेतलेली, आणि चालक स्वतः मालकच, असे व्यावसायिक आपल्या राज्यात थोडे नाहीत. विमा म्हणजे तपासणीच्या वेळी दाखवावयाचा कागद, अशी त्यांच्यापैकी अनेकांची समजूत असते.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ अन्वये त्रयस्थाच्या हानीचा विमा सक्तीचा आहे. त्यातून मालकाची मोडलेली गाडी मात्र दुरुस्त होत नाही. त्यासाठी सर्वंकष विमा हवा. वाहून न्यावयाच्या मालाचा विमा तर निराळाच.

खरा धोका लग्नसराईत असतो. मालमोटारीतून वऱ्हाड नेण्याची पद्धत खेड्यापाड्यांत अद्याप दिसते. १९९४ च्या दुरुस्तीने मालासोबत बसलेल्या मालधन्यास किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीस संरक्षण मिळाले. फुकट बसवून नेलेल्या प्रवाशांस ते नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आशा राणी प्रकरणात स्पष्ट केले. काही खटल्यांत विमा कंपनीस आधी रक्कम भरावयास सांगितले जाते, पण पुढे ती मालकाकडूनच वसूल होते. शेजारधर्म म्हणून मारलेली ती एक खेप मग गाडी विकूनही फिटत नाही. ग्रामपंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी ही गोष्ट मांडव पडण्यापूर्वीच वधूवरांच्या घरी सांगावयास हवी.

मालक स्वतः चालवीत असल्यास पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा त्याने अवश्य घ्यावा. चालक-परवाना मात्र मुदतीतील असला पाहिजे.