आठ फेब्रुवारी १८५२: एका सुताराच्या पोराचा करार

डॉन बॉस्को म्हटलं की आपल्याला माटुंग्याची शाळा आठवते. आज आपण जातोय इटलीतल्या तुरीन शहरात, जिथे हे सगळं सुरू झालं.

१८४० च्या दशकात तुरीन वाढत होतं. बिएल्ला, नोवारा, लोम्बार्डीहून पोरं गवंडीकामाला यायची. लोम्बार्डी तेव्हा ऑस्ट्रियाकडे, म्हणजे तिथला मुलगा कागदोपत्री परदेशीच. ओळखीचं कुणी नाही, काम सुटलं की रस्ता, आणि पुढे बऱ्याचदा तुरुंग. जॉन बॉस्को या तरुण पाद्र्याने ही पोरं तुरुंगातच पाहिली होती. १८४६ च्या ईस्टरला त्याला वाल्दोक्को भागात एक शेड भाड्याने मिळाली.

त्याच्या चमत्कारांच्या गोष्टी खूप सांगतात. मला मात्र जास्त आवडतो तो एक स्टॅम्प पेपर. ८ फेब्रुवारी १८५२. ओदास्सो नावाचा मुलगा सुताराकडे दोन वर्षं उमेदवारी करणार. अटी बघा: चूक झाली तर मालकाने तोंडाने समजवायचं, हात उगारायचा नाही. सुताराच्या धंद्याबाहेरची कामं सांगायची नाहीत. रविवारी आणि सणाला सुट्टी, शिवाय वर्षाला पंधरा दिवस. मजुरी टप्प्याटप्प्याने वाढणार. मुलानेही नीट काम करायचं, त्याच्या वतीने वडील जामीन, आणि करारावर सही बॉस्कोचीही.

मी पहिल्या नोकरीत दोन वर्षांचा बाँड सही केलाय. त्यात कंपनी काय करणार नाही याची एक ओळ नव्हती!

पण शहरातल्या कारखान्यांतलं वातावरण बॉस्कोला पटेना. म्हणून १८५३ मध्ये त्याने घरातच जोडे आणि शिवणकाम सुरू केलं. शिवणकाम तो स्वतः लहानपणी शिंप्याकडे शिकला होता. १८५४ ला बुकबाइंडिंग, १८५६ ला सुतारकाम, १८६२ पर्यंत छापखाना आणि लोहारकामही. पोरांचे कपडे, जोडे, पुस्तकं घरातच तयार व्हायला लागली.

इथे मी थोडा अडखळतो. बाहेरच्या सुतारासमोर बॉस्को मुलाच्या बाजूने उभा होता. आता कारखाना त्याचाच. मग मुलाच्या बाजूने सही कुणाची? पोरं मारापासून वाचली असतील, शिकलीही असतील. पण टेबलाच्या पलीकडे बसणारा तो दुसरा माणूस गेला, हे मला खटकतं.

तुमच्यापैकी कुणी आयटीआयमध्ये शिकवत असाल, तर उमेदवारीच्या करारात आज काय लिहितात ते मला नक्की कळवा.