परसातील पिल्ले



परसात पाळावयाच्या ‘वनराजा’ व ‘ग्रामप्रिया’ या कोंबड्या आपल्या याच हैदराबादेत विकसित झाल्या. गावठी कोंबडी २१ दिवस खुडूक बसून अंडी उबवते. या सुधारित कोंबड्या क्वचितच बसतात. म्हणून त्यांची पिल्ले उबवणी यंत्रातून, आईविना घरी येतात. पहिल्या आठवड्यात त्यांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पिल्ले दिव्याखाली दाटली तर थंडी, दूर पांगली तर उष्मा. तापमापकापेक्षा ही खूण मला अधिक भरवशाची वाटते.

माणसाळविण्याचे मर्म हाताच्या दिशेत आहे. वरून आलेला हात पिल्लास घारीसारखा भासतो. तळहातावर कण्या घेऊन तो बाजूने, जमिनीलगत पुढे करावा आणि थांबावे. घाई मुलांना नसते, बहुधा पालकांनाच असते!

पालकहो, कोंबडी अंड्यांसाठी पाळायची की मांसासाठी, हे पिल्ले आणतानाच मुलांना सांगा. नाव ठेवून झाल्यावर, ती हातावरचे दाणे टिपू लागल्यावर सांगणे हा मुलाचा विश्वासघात होय. शिवाय सुमारे निम्मी पिल्ले नर निघतात. त्यांचे पुढे काय, हे मूल विचारणारच. त्याचे खरे उत्तर पिल्ले घरी येण्यापूर्वीच ठरवून ठेवा.