विद्यार्थ्याचा उद्योग आणि विद्यापीठाचा आधार
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात जालना येथे केलेले भाषण)



आपल्या मेळाव्यांत शिक्षणावर पुष्कळ बोलले जाते, नोकरीवर त्याहून अधिक. उद्योगाचा विषय निघाला की मात्र सभा गप्प होते. त्याला कारण आहे. १९१७ मध्ये परदेशातून परतल्यानंतरच्या काळात बाबासाहेबांनी मुंबईत शेअर बाजारातील व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला तो माणूस! सल्ल्यात खोट नव्हती. पण सल्ला देणाऱ्याची जात कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाले आणि व्यवसाय बंद पडला. विद्या होती, कल्पना होती, गिऱ्हाईक नव्हते. विद्यार्थ्यांच्या स्टार्टअपसाठीच्या आजच्या योजना वाचताना आम्हाला हा प्रसंग वारंवार आठवतो.

आता विद्यापीठ काय देते ते पाहू. ज्या विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत आपला समाज झगडला, त्याच विद्यापीठात आज अटल इन्क्युबेशन सेंटर आहे. इन्क्युबेशन म्हणजे उबवण. अंड्यातून पिल्लू बाहेर येईपर्यंत जी ऊब लागते, ती नव्या उद्योगाला देण्याची ही जागा. बसायला टेबल, प्रयोगशाळेचा वापर, जाणकाराचा सल्ला, कंपनीची नोंदणी, पेटंटचा अर्ज, पुढे बीजभांडवलाची शिफारस, असे त्याचे काम असते. राज्याच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने तर नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य यांसाठी स्वतंत्र संचालकपदच निर्माण केले.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये विद्यार्थी व प्राध्यापकांच्या स्टार्टअपसाठी धोरण जाहीर केले. ते आपल्या पालकांपर्यंत पोहोचलेलेच नाही. आपल्या उद्योगाचे काम अभ्यासक्रमातील प्रकल्प म्हणून दाखवता यावे, एखादे सत्र किंवा वर्ष थांबून पुन्हा शिक्षण सुरू करता यावे, कंपनीच्या नोंदणीसाठी महाविद्यालयाचा पत्ता वापरता यावा, अशा सवलती त्यात सुचविल्या आहेत. भाड्याच्या एका खोलीत सहा जण राहणाऱ्या कुटुंबातील मुलाला शेवटच्या सवलतीची किंमत कळेल. मात्र महाविद्यालयाने हे धोरण स्वीकारले आहे काय, हे प्राचार्यांना विचारावे लागते. विचारा. मोबदल्यात संस्था कंपनीत वाटा मागू शकते. साधारण २ ते ९.५ टक्के असे प्रमाण धोरणात आहे. सही करण्यापूर्वी तो आकडा वाचावा.

पैशाचे म्हणाल, तर २०२१ च्या स्टार्टअप इंडिया बीजनिधी योजनेत कल्पना सिद्ध करण्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान आणि बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंत कर्ज वा तत्सम साहाय्य ठेवले गेले. हा पैसा मान्यताप्राप्त इन्क्युबेशन सेंटरमार्फतच आणि कामाच्या टप्प्यांप्रमाणे मिळतो. अनुसूचित जातींच्या तरुणांसाठी ३० सप्टेंबर २०२० रोजी आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इन्क्युबेशन मिशन सुरू झाले. चार वर्षांत एक हजार तरुण आणि प्रत्येकी तीन वर्षांत ३० लाख, असे त्याचे उद्दिष्ट सांगितले गेले. पण हे ३० लाख भागभांडवल म्हणून होते, म्हणजे पैसा देणारा कंपनीचा भागीदार होतो. आपल्या मुलांना सरकारी पैसा म्हणजे शिष्यवृत्ती एवढेच ठाऊक. भागीदार हिशेब मागतो, शिष्यवृत्ती मागत नाही.

आणखी एक बारकावा. हे मिशन ज्या अनुसूचित जाती साहसवित्त निधीखाली आले, त्यात कंपनीचे किमान ५१ टक्के भाग अनुसूचित जातीच्या प्रवर्तकांकडे असावे लागतात. चार मित्रांनी मिळून कंपनी काढताना भाग सारखे वाटून घेतले आणि त्यांतले निम्म्याहून अधिक अनुसूचित जातीचे नसले, की हा दरवाजा बंद. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्राच्या सवलती लागू झाल्या, तरी दाखला केंद्राच्या नमुन्यातील लागतो. ते काम शेवटच्या आठवड्यावर ठेवू नये.

इथवर सगळे कागदावर. आता जालन्याकडे या. २०१८ मध्ये येथे रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाली. डागाळलेले, पातळ, जोडकोष हाताने निवडावे लागतात. समजा परतूरच्या एखाद्या मुलीने कॅमेऱ्याने कोष निवडणारे यंत्र करायचे ठरवले. इन्क्युबेशन सेंटर तिला जागा देईल, सल्ला देईल. पण यंत्र खऱ्या मालावर, दोन-तीन हंगाम चालवून पाहावे लागेल. तेवढ्यात वर्ष-दीड वर्ष जाते. वडील शेतमजूर असतील किंवा स्टीलच्या कारखान्यात रोजंदारीवर. शेजारचा मुलगा तलाठी झालेला. रोज संध्याकाळी घरात एकच प्रश्न, "तुझं नेमकं चाललंय काय?" या प्रश्नाला कोणत्याही योजनेत तरतूद नाही. अशी मुलगी स्पर्धेत बक्षीस घेते, वर्तमानपत्रात फोटो येतो, यंत्र कपाटात जाते आणि ती परीक्षेच्या क्लासला लागते. आम्ही तिला दोष देत नाही.

भगवंतांनी सिगालाला कमाईचे चार भाग सांगितले. एक उपभोगाला, दोन कामधंद्यात, चौथा अडचणीसाठी राखून. निम्मी कमाई धंद्यात! आपल्याकडे ते दोन भाग लग्नाच्या मांडवात जातात, हे कटू असले तरी बोलले पाहिजे.

गिऱ्हाइकाचा प्रश्न राहिलाच. केंद्राच्या खरेदी धोरणात ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून करण्याचे उद्दिष्ट २०१२ पासून आहे. पण पहिले यंत्र सरकार घेत नाही. पहिले यंत्र ओळखीचा माणूस घेतो, आणि ओळख हीच आपल्याकडे कमी. म्हणून संस्थेच्या कार्यकारिणीपुढे आम्ही एक प्रस्ताव ठेवला आहे. यंदाच्या वर्गणीतून दोन विद्यार्थ्यांचा वर्षभराचा खोलीभाडे व खानावळीचा खर्च उचलावा. सभासदांपैकी जे शेतकरी, दुकानदार किंवा कारखान्यात कामाला आहेत, त्यांनी या मुलांचे यंत्र वा सॉफ्टवेअर महिनाभर वापरून पाहावे, आणि आवडले नाही तर तसे स्पष्ट सांगावे. ज्यांची तयारी असेल त्यांनी आपली नावे सभेनंतर चिटणीसांकडे द्यावीत. विद्यार्थ्यांनी अर्जासोबत एका पानावर एवढेच लिहावे, की यंत्र कोणाच्या कामाचे आहे आणि तो आज ते काम कसे करतो.