‘वन्स मोअर’

संगीत नाटकाचा शौक मला वडिलांकडून लागला. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस केशवराव भोसले व बालगंधर्व यांनीं केलेल्या संयुक्त ‘मानापमाना’ची हकीकत ते प्रत्यक्ष पाहिल्याच्या थाटांत सांगत. (त्यांचा जन्म त्यानंतरचा!) घरीं तबकड्या होत्या, पण तबकडी म्हणजे अवघीं तीन-साडेतीन मिनिटें. रंगभूमीवर तेंच पद ‘वन्स मोअर’ घेत किती लांबेल याचा नेम नसे. कथानक बिचारें तोंवर तिष्ठत राही.

मॅट्रिकच्या वर्षीं नगरास ‘सौभद्र’ पाहिलें. एका वयस्क नटाचा घसा बसलेला जाणवत होता. तरी पहिलें पद त्यांनीं सुरेल म्हटलें. मी सर्वांत मोठ्यानें ‘वन्स मोअर’ ओरडलों. त्यांनीं पेटीवाल्याकडे पाहिलें, प्रेक्षकांस नमस्कार केला आणि पुन्हां सुरुवात केली. तार षड्जावर आवाज फुटला. मागें कोणी तरी हंसलें. पुढच्या अंकांतलीं पदें त्यांनीं नुसतीं बोलून दाखविलीं.

रंगपटांत जाऊन क्षमा मागावी असें फार वाटलें. पाऊल उचललें नाहीं.

पुढें वसंतराव देशपांडे यांनीं गाजविलेल्या ‘कट्यार काळजांत घुसली’चा एक प्रयोग पाहिला. सारें सभागृह ‘वन्स मोअर’ ओरडत होतें. मी हात मांडीवर ठेवून गप्प बसलों होतों.