अर्ध्या वह्यांचा हिशेब

बचत गटाकडून बोलायचं म्हणजे हप्ता, व्याज, कर्ज हे आलंच. आज मात्र आम्ही दुसऱ्या वह्यांबद्दल बोलणार आहोत. लिहायला घेतलेल्या आणि अर्ध्यावर राहिलेल्या.

मुरगूडच्या आमच्या गटात हप्ते गोळा झाले की थोडा वेळ वाचन चालतं. त्यातून लिहायची हौस लागली. कुणी जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतेय, कुणी 2019 च्या महापुराच्या आठवणी, कुणी नातवंडांसाठी बडबडगीतं. महिला दिनाचं पथनाट्य सगळ्यांचं मिळून. एकेकीकडे तीन-तीन, चार-चार कामं सुरू आणि पुरं एकही नाही.

असं का होतं? आपल्याला वेळ मिळतो तोच तुकड्यानं. डेअरीला दूध घालून आल्यावर दहा मिनिटं, नळाला पाणी यायच्या आधी पाच. तेवढ्यात जुनं कुठवर आलं होतं ते आठवेपर्यंत कुकरची शिट्टी होते. नवं सुचलेलं मात्र ताजं असतं, म्हणून हात तिकडंच जातो.

लक्ष्मीबाई टिळकांना अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. त्यांचे पती रेव्हरंड टिळक 1919 साली वारले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचं काव्य अपुरं राहिलं होतं. लक्ष्मीबाईंनी त्याला 64 अध्याय जोडून ते पुरं केलं. ‘स्मृतिचित्रे’ही त्यांच्या उतारवयातलंच लेखन. ते 1934 ते 1937 या काळात चार भागांत निघालं, आणि शेवटचा भाग हाती यायच्या आधी, 1936 साली, त्या गेल्या. आपल्या कागलच्या आनंद यादवांनीही आत्मचरित्र एका पुस्तकात कोंबलं नाही. ‘झोंबी’पासून सुरुवात करून चार पुस्तकं लिहिली. मोठं काम असंच भागाभागानं पुरं होतं.

म्हणून आम्ही कर्जखात्याची शिस्त या वह्यांना लावली. प्रत्येकीनं आपली सगळी अर्धी कामं एका पानावर लिहायची, सुरू केल्याच्या तारखेसह. चालू ठेवायची दोनच: एक मोठं, एक लहान. यातलं एक पुरं झाल्याशिवाय तिसरं काढायचं नाही. नवं सुचलं तर त्या पानावर एक ओळ टिपून ठेवायची. आणि उठताना पुढं काय लिहायचं ते वहीत लिहूनच उठायचं, म्हणजे पुढच्या वेळची दहा मिनिटं शोधण्यात जात नाहीत.

आधी कुठलं घ्यायचं? जे दुसऱ्याच्या तोंडून घ्यायचंय ते. आमच्यातल्या एकीच्या वहीत 22 ओव्या आहेत. सांगणारी आजी गेल्या पावसाळ्यात गेली. तिला आणखी कितीतरी येत होत्या, पण ती वही आता 22 वरच थांबली. बडबडगीतं पुढच्या वर्षी लिहिता येतील, पथनाट्य पुढच्या महिला दिनाला करता येईल. ओव्या सांगणारं माणूस तोवर थांबेलच असं नाही.

आणि एखादं काम सोडावंसं वाटलं तर खुशाल सोडा. पण वही रद्दीत घालू नका. त्यातली चार वाक्यं दुसरीकडं कामी येतात.

तेव्हा मैत्रिणींनो, आज सगळ्या वह्या एकदा बाहेर काढा. त्यातल्या दोन वर ठेवा. आणि घरात ओव्या येणारी आजी असेल, तर आज संध्याकाळी तिच्याजवळ बसा.