परक्या लेकरांचे आईबाप
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून ज्ञातीबाहेरील मुलांविषयी बोलणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु आपल्या विद्यार्थी-साहाय्यक निधीतून केवळ ज्ञातीतील मुलांनाच मदत द्यावी, की त्याचा काही अंश इतरांसाठीही मोकळा करावा, हा प्रश्न आज आपल्यापुढे आहे. दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्यांची कळकळ सारखीच आहे. तेव्हा नुसत्या तत्त्वचर्चेत न शिरता, आपल्याच मुंबईत व आपल्याच महाराष्ट्रात घडून गेलेली एक हकीकत आपणांपुढे ठेवावी, असे मी योजिले आहे.

१९३९ सालच्या सप्टेंबर महिन्यात पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने व पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने आक्रमण केले. पुढील दोन वर्षांत पूर्व पोलंडमधील लक्षावधी माणसांना घरादारांतून उचलून सैबेरिया व कझाकस्तान येथे नेण्यात आले. थंडी, उपासमार आणि रोगराई यांनी कित्येक मुलांचे आईबाप हिरावून नेले. १९४१ साली जर्मनीने रशियावरच चाल केली, तेव्हा पोलिश सरकारचा रशियाशी करार झाला आणि ह्या बंदिवानांची सुटका झाली. पण सुटलेल्या पोरक्या मुलांनी जावे कोठे? त्यांचा देश तर शत्रूच्या टाचेखाली होता.

त्या वेळी मुंबईत पोलंडचे वाणिज्यदूत म्हणून यूजेनियुश बनासिन्स्की हे गृहस्थ होते. त्यांच्या पत्नी कीरा बनासिन्स्का ह्या पोलिश रेडक्रॉसचे काम पाहत. ह्या दांपत्याने खटपट करून औषधे व कपडे यांनी भरलेल्या मालमोटारी खुष्कीच्या मार्गाने रशियाच्या सरहद्दीकडे पाठविण्याच्या कामी पुढाकार घेतला, आणि परतीच्या वाटेवर त्याच मोटारींतून मुले आली. अश्काबाद, मशहद, झाहेदान, क्वेट्टा असा तो हजारो मैलांचा, डोंगर-वाळवंटांचा प्रवास होता. १९४२ च्या उन्हाळ्यात पहिली तुकडी मुंबईस पोहोचली व वांद्र्यास तिची तात्पुरती सोय झाली. अंगावर मांस नाही, डोळ्यांत विश्वास नाही, अशी ती मुले होती.

पुढे नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी येथे समुद्रकिनारी आपल्या जागेत ह्या मुलांसाठी वसाहत उभारली. जामसाहेब तेव्हा नरेंद्रमंडळाचे अध्यक्ष होते. इतर संस्थानिकांना व धनिकांना त्यांनी ह्या कार्यासाठी हात पुढे करावयास लावले. मुलांनी आपणांस ‘बापू’ म्हणावे, असे त्यांनी सांगितले, आणि शेकडो पोलिश मुले त्यांना त्याच नावाने ओळखू लागली.

आता आपल्या कोल्हापूरकडे या. १९४३ साली कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी वसली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुलेच होती. खर्चाचा भार लंडनस्थित पोलिश सरकारचा, जागा कोल्हापूर संस्थानची. योगायोग असा, की त्या काळी कोल्हापूरच्या गादीवरील छत्रपती शिवाजी महाराज हे स्वतःच बालवयाचे होते. एका बालराजाच्या राज्यात हजारो निराधार बालकांना आसरा मिळाला! छावणीत शाळा होत्या, चर्च होते, रुग्णालय होते, बालवीरांची पथके होती. पंचक्रोशीतील भाजीवाले व दुकानदार मोडकीतोडकी पोलिश भाषा बोलू लागले. १९४८ पर्यंत ही वसाहत नांदती होती. ती रिकामी झाल्यावर फाळणीत घरदार गमावलेली सिंधी कुटुंबे तेथे आली. आजचे गांधीनगर ते हेच. एका निर्वासिताने सोडलेले छप्पर दुसऱ्याच्या डोक्यावर आले.

बंधुभगिनींनो, ह्या हकीकतीतून घेण्यासारखे काय आहे, हे नीट पाहिले पाहिजे. केवळ दया म्हणून ती सांगितली, तर तिचे मोल निम्मे होईल.

पहिली गोष्ट ही, की आश्रय देणाऱ्यांनी त्या मुलांकडून त्यांचे नाव, त्यांची भाषा, त्यांचा धर्म मोबदला म्हणून मागितला नाही. मुले पोलिश भाषेत शिकली, पोलिश सण करीत राहिली. एक दिवस ती आपल्या माणसांत परत जातील, ह्या हिशेबाने त्यांना वाढविले गेले. उपकाराच्या बदल्यात मुलालाच आपलेसे करून टाकण्याचा मोह फार मोठा असतो, आणि तो आवरणे हाच दानाचा खरा कस आहे.

दुसरी गोष्ट, ह्या कार्याच्या आरंभी कुटुंबे होती. एक वकिलातीतील दांपत्य, एक राजघराणे. सरकारे पैसा देऊ शकतात, नियम करू शकतात. पण रात्री दचकून उठणाऱ्या मुलाला पाणी द्यावयास माणूस लागते. कीराबाई तर युद्धानंतरही हिंदुस्थानातच राहिल्या आणि त्यांचे उर्वरित आयुष्य हैदराबादेस गेले.

तिसरी गोष्ट, कृतज्ञता फार दूरवर पोहोचते. वॉर्सा शहरात आज ‘चांगल्या महाराजांचा चौक’ आहे, आणि कोल्हापूरचे नाव कोरलेले स्मारकही आहे. २०२४ साली भारताच्या पंतप्रधानांनी ह्या दोन्ही ठिकाणी पुष्पचक्रे वाहिली. वळिवड्याच्या भाजीवाल्याला हे स्वप्नातही सुचले नसेल.

आता आक्षेपाकडे वळतो. कोणी म्हणतील, “घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे!” आपल्याच ज्ञातीत फी भरू न शकणारी मुले आहेत, गिरण्या बंद पडल्यावर लालबाग-परळमधील आपल्या कित्येक घरांची काय दशा झाली, हे आपण पाहिले आहे. हा आक्षेप हलका नाही. पण आपली संस्था कशी उभी राहिली, तेही आठवावे. आपले वाडवडील बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले, कोणी घाट उतरून आले, तेव्हा मुंबईत तेही परकेच होते. गिरगावच्या चाळीत शेजारच्या बिऱ्हाडाने जात विचारून जेवू घातले असते, तर आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा मॅट्रिकपर्यंतही पोहोचले नसते. संस्था पुढे निघाली. उंबरठ्यावरची भाकरी आधी मिळाली.

आणि परकी मुले शोधण्यासाठी आज सातासमुद्रांपार जावयास नको. परळला टाटा स्मारक रुग्णालय आहे, जवळच मुलांचे वाडिया रुग्णालय आहे. बिहार, बंगाल, आसाम, क्वचित परदेशांतूनही आईबाप आपली आजारी लेकरे घेऊन येतात. उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि भाषा कोणाची कोणाला कळत नाही. त्यांच्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती ह्या संस्था काम करीत आहेत. २००६ साली श्यामा व निहाल कविरत्ने ह्या दांपत्याने कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांसाठी ‘सेंट ज्यूड’ ही निवासकेंद्रे सुरू केली. पाहा, येथेही आरंभी एक कुटुंबच आहे.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. निधीचा मोठा भाग आहे तसाच ज्ञातीतील मुलांसाठी राहू द्यावा. त्याला कोणी हात लावू नये. परंतु व्याजातील एक लहानसा वाटा ज्ञातीची अट न घालता अशा मुलांच्या वह्यापुस्तकांसाठी व शिकवणीसाठी ठेवावा, आणि त्याचा पै-पैचा हिशेब दरवर्षी ह्याच अंकात छापावा. त्याहून महत्त्वाचे हे, की दादर, परळ, लालबाग येथील आपल्या प्रत्येक शाखेतून पाच कुटुंबांनी पुढे यावे. त्या त्या संस्थेच्या नियमांत राहून आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी. कोणी हिंदी-बंगाली जाणणाऱ्याने कागदपत्रे समजावून द्यावीत, कोणी मुलाची बुडालेली शाळा भरून काढावी, कोणी नुसते त्या माउलीजवळ बसावे. मुलाचे छायाचित्र काढून मिरविण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा.

ज्ञातीचा अभिमान मी सोडा म्हणत नाही. ज्या घराला स्वतःची चूल आहे, तेच पाहुण्याला ताट वाढू शकते. आपली चूल पूर्वजांनी कष्टाने पेटती ठेवली. आता त्या पंगतीत एक पान परक्या लेकरासाठी मांडावे, एवढीच माझी आपणांस हात जोडून विनंती आहे. येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय मताला येईल, तेव्हा आपण तिचा विचार कराल, अशी आशा बाळगून मी आपली रजा घेतो.